कर्ता, मालक आणि विश्वस्त

पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या माणसाला आकुर्डी दोन कारणांनी ठाऊक असते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी इथल्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला थांबते, आणि हमरस्त्याला लागून बजाजचा कारखाना आहे. भक्ती एका बाजूला आणि कारखानदारी दुसऱ्या बाजूला, अशी आपण यांची सहज वाटणी करून टाकतो. पण दोन्हींच्या मुळाशी एकेक व्यापारी आहे, आणि दोघांच्याही चरित्रात ‘हे माझे नाही’ असे म्हणण्याचा एक प्रसंग आहे. तुकोबा देहूच्या महाजनांच्या घरातले. घरात दुकान होते, सावकारी होती. दुष्काळ पाहिल्यावर त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. जमनालाल बजाज वर्ध्याच्या बच्छराज शेठच्या घराण्यात दत्तक गेले होते. ऐन तारुण्यात आजोबांशी बिनसले तेव्हा त्यांनी इस्टेटीवरचा सगळा हक्क सोडत असल्याचे लिहून दिले. पुढे गांधीजींनी त्यांना आपला पाचवा मुलगा मानले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालाल गेले, तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले, की श्रीमंतांनी आपल्या संपत्तीचे विश्वस्त व्हावे असे आपण जेव्हा जेव्हा म्हटले तेव्हा मुख्यतः हाच माणूस आपल्या मनात होता. बजाज ऑटोची पूर्वज असलेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली ती १९४५ साली, म्हणजे जमनालालांच्या पश्चात. ती वाढवली कमलनयन बजाज आणि नंतर राहुल बजाज यांनी. तरीही विश्वस्तपणाच्या कल्पनेला महाराष्ट्रात एखादा पत्ता द्यायचा झाला, तर वर्ध्याच्या खालोखाल तो आकुर्डीचाच द्यावा लागेल. म्हणून तो प्रश्न इथेच विचारला पाहिजे: उद्योग उभा करणारा माणूस त्या उद्योगाचा कोण लागतो, आणि जन्मभर त्याच्या हाताखाली राबणारा माणूस त्याचा कोण लागतो?

हा प्रश्न पगाराचा आहे, कायद्याचाही आहे. पण त्याआधी तो ममत्वाचा आहे, आणि ममत्व हा आपल्या साऱ्या तत्त्वविचाराचा जुना विषय. ‘मी केले’ यातून ‘म्हणून माझे’ हे निघते का, यावर उपनिषदांपासून संतांपर्यंत सगळे बोलले आहेत. बहुतेक वेळा हे बोलणे शेत, घर आणि देह यांच्याबद्दल होते. आज आपल्यातल्या लाखो माणसांचे जागेपणीचे निम्मे आयुष्य ज्या जागी जाते, त्या शेडपर्यंत, त्या लाइनपर्यंत हा विचार आपण क्वचितच नेतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मालकाच्या हाती चाललेल्या कंपन्या सर्व आकारांच्या आहेत. एका टोकाला बजाज आणि फिरोदियांसारखी घराणी. नवलमल फिरोदिया स्वातंत्र्यलढ्यातून कारखानदारीत आले, आणि १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेंपोचा, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचा, विस्तार आकुर्डीतच झाला. दुसऱ्या टोकाला भोसरी, चिंचवड, तळवडे इथली तीस-चाळीस माणसांची वर्कशॉपे. बुश, शाफ्ट, प्रेसचे पार्ट बनवून मोठ्या कंपन्यांना पुरवणारी. तिथला शेठ बहुधा एका लेथवर सुरुवात केलेला असतो. तो शॉपफ्लोअरवर येतो, ट्रेमधला एक जॉब उचलतो, मायक्रोमीटर लावतो, आणि शतांश मिलिमीटरची चूक त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला जे मिळते ते मॅनेजरांच्या कंपनीत सहसा मिळत नाही. मुलीच्या लग्नासाठी उचल हवी असेल तर तीन सह्यांचा अर्ज लागत नाही. काम चांगले झाले तर ते चांगले आहे हे कळणारा माणूस समोर उभा असतो. प्लांट हेड तीन वर्षांनी बदलून जातो. शेठ जात नाही. राहुल बजाज कित्येक वर्षे आकुर्डीत, कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीतच राहिले. ज्या धुरात कामगार राहतात त्याच धुरात मालकाने राहणे, ही लहान गोष्ट नव्हे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ज्याच्या एका शब्दावर उचल मिळते, त्याच्या एका शब्दावर ती नाकारलीही जाते. पगारवाढ तक्त्यावरून ठरत नाही. कोण शेठच्या नजरेत आहे यावरून ठरते. माणसे कामाइतकाच शेठचा मूड शिकतात. मॅनेजरांच्या कंपनीत साहेबाच्या वर दुसरा साहेब असतो, त्याच्यापुढे दाद मागता येते. संस्थापकाच्या वर फक्त देव असतो. अशा ठिकाणी अन्याय झाला तर तो गैरसमज म्हणून गिळायचा आणि न्याय झाला तर तो उपकार म्हणून स्मरायचा, अशी मनाला सवय लागते. या सवयीचे जे मोल माणूस मोजतो ते कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही.

मालक याला उत्तर देतो ते कुटुंबाचा दाखला देऊन. आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब, असे वर्धापनदिनाला म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते. हा दाखला आपण गांभीर्याने घेऊ. मराठी मुलखाचा जुना कुटुंबधर्म म्हणजे मिताक्षरा. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेली टीका. तिने घडवलेल्या एकत्र कुटुंबात कर्ता असतो. तो व्यवहार पाहतो, सगळ्यांच्या वतीने सही करतो, त्याचा शब्द चालतो. पण मिळकत त्याची नसते. आपत्काली, कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा धर्मकार्यासाठी, एवढ्याच कारणांनी तो वडिलार्जित मिळकत विकू शकतो. घरात जन्मलेल्या मुलाचा त्या मिळकतीत जन्मतः हिस्सा असतो, आणि वाटणी मागण्याचा त्याचा हक्क कर्त्याच्या मर्जीवर नसतो. (मुलींना हा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला, कुटुंबधर्मालाही न्याय शिकावा लागतो.) तेव्हा कंपनी हे खरोखर कुटुंब असेल, तर संस्थापक तिचा कर्ता ठरतो, मालक ठरत नाही. आणि कामगाराचा त्यात हिस्साच नसेल, तर मग कुटुंब हा शब्द त्या नात्यातली फक्त आज्ञाधारकपणाची बाजू उचलतो आणि हिश्श्याची बाजू घरी ठेवतो.

गांधीजींना हा पेच दिसला होता, म्हणूनच त्यांनी कुटुंबाऐवजी विश्वस्ताची कल्पना घेतली. तिची एक मुळी ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्रात आहे: हे सगळे ईश्वराचे आहे, म्हणून सोडून देऊन भोग, दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नकोस, या आशयाची. दुसरी मुळी इंग्रजी कायद्याच्या त्यांच्या अभ्यासात आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेसे पाहात नाही. विश्वस्तपणावर भाषणे देणारे बहुतेक जण उपनिषदापाशी थांबतात, त्यामुळे विश्वस्त म्हणजे सद्भावनेचा श्रीमंत माणूस असा अर्थ रूढ झाला. कायद्यातला विश्वस्त असा नाही. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम आजही वाचता येतो. त्यानुसार विश्वस्ताने स्पष्ट आणि अचूक हिशेब ठेवायचा असतो आणि ज्याच्या हितासाठी न्यास आहे त्याने मागितला की तो दाखवायचा असतो. न्यासाच्या मिळकतीतून स्वतःचा नफा काढता येत नाही. न्यासलेखात तशी तरतूद नसेल तर स्वतःच्या श्रमाचा मोबदलाही हक्काने घेता येत नाही. कर्तव्यात चुकला तर नुकसान भरून द्यावे लागते. म्हणजे विश्वस्ताला विश्वस्त करते ती त्याच्या मनातली भावना नसते. समोरच्याच्या हातातला, हिशेब मागण्याचा अधिकार ते काम करतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्याचे आहे असे मला वाटते: ज्याला हिशेब मागता येत नाही तो कितीही भला असला तरी दाता आहे, विश्वस्त नाही. आणि दात्याच्या हाताखाली काम करणे व विश्वस्ताबरोबर काम करणे यांत, मिळणारी रक्कम सारखी असली तरी, माणूस म्हणून जगण्याचा फरक आहे.

गांधीजींनाही अखेरीस हेच दिसत होते, याला पुरावा आहे. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटल्यावर किशोरलाल मश्रूवाला आणि नरहरी पारीख यांच्या साहाय्याने विश्वस्तपणाचा एक व्यवहार्य मसुदा तयार झाला, गांधीजींनी त्यात दुरुस्त्या केल्या, आणि तो १९५२ साली ‘हरिजन’मध्ये छापून आला. समाज मान्य करील तेवढाच खासगी मालकीचा हक्क, मालकी आणि संपत्तीचा वापर यांच्यावर कायद्याचे नियंत्रण घालायला मोकळीक, किमान वेतनाबरोबर कमाल उत्पन्नाचीही मर्यादा, अशी त्याची कलमे आहेत. हृदयपरिवर्तनाची वाट पाहात बसणाऱ्या माणसाचा हा मसुदा वाटत नाही. जमनालालांच्या नावाचा उल्लेख करताना या मसुद्याचाही उल्लेख व्हायला हवा. तो क्वचित होतो.

भलेपणाचे हक्कात रूपांतर कसे होते, हे पाहायचे तर दिवाळीच्या बोनसपेक्षा चांगले उदाहरण नाही. आकुर्डी-चिंचवडमध्ये दसरा उलटला की कामगारांच्या घरात बोनसचा आकडा हाच विषय असतो. आज आपण तो हक्क समजतो, पण तो बक्षीस म्हणून जन्मला. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरणीमालकांना भरघोस नफा झाला आणि १९१७ साली त्यांनी पगाराच्या दहा टक्के युद्धबोनस दिला. पुढची काही वर्षे तो चालू राहिला. कामगारांनी तो गृहीत धरून संसार आखला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला, आणि जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या. सरकारने मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला, की रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कामगारांचा बोनसवर काहीच दावा बसत नाही. समितीचा तर्क त्या काळच्या चौकटीत चुकीचा नव्हता. बक्षीस वर्षानुवर्षे दिले म्हणून त्याचा हक्क होत नाही, हेच तर बक्षिसाचे लक्षण. म्हणूनच चौकट बदलावी लागली. १९६५ साली बोनसचा कायदा आला. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक तेरावा महिना. ग्रॅच्युइटीचेही तेच. निष्ठावान नोकराला मालकाने निरोपाच्या वेळी खुशीने द्यायची ती रक्कम १९७२ च्या कायद्याने दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार अशी मोजून दिली. यात मालकांचा भलेपणा कुठे नाहीसा झाला असे दिसत नाही. जे पूर्वी मर्जीवर होते ते हिशेबात आले, आणि मालकाला त्याहून अधिक काही देण्याची मोकळीक राहिलीच.

यावर पहिला आक्षेप जोखमीचा. घरदार गहाण टाकले कोणी, रात्री झोप नव्हती कोणाला, बँकेचा हप्ता चुकला असता तर बदनामी कोणाची झाली असती? कामगाराने पगार घेतला आणि घरी गेला. फळ जोखीम घेणाऱ्याचे. हा आक्षेप पोकळ नाही. भोसरीच्या लहान शेठच्या बाबतीत तर तो शब्दशः खरा आहे, आणि ज्यांनी कधी आठवड्याच्या शेवटी चाळीस माणसांच्या पगाराची जुळवाजुळव केलेली नाही त्यांनी त्याला हलके लेखू नये. जोखमीला जास्त वाटा मिळावा हे मला मान्य आहे. पण जास्त वाटा म्हणजे सगळी मालकी नव्हे. आणि जोखीम एकट्याची होती हेही तपासून पाहावे लागते. चाळीस वर्षांच्या वयात ज्याची कंपनी बंद पडते, त्या वेल्डरने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे त्या एकाच ठिकाणी गुंतवलेली असतात. गुंतवणूकदाराला शेअर विकून बाहेर पडता येते, त्याला ती वर्षे विकता येत नाहीत. शिवाय या पट्ट्यात कारखाने आले ते जमिनी गेलेल्या गावकऱ्यांच्या शेतांवर, १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पाडलेल्या प्लॉटांवर, पवनेच्या पाण्यावर, सरकारी आयटीआयमध्ये शिकलेल्या मुलांच्या हातांवर. लायसन्स-परमिटच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. उत्पादन वाढवू न देणाऱ्या त्या व्यवस्थेचा राहुल बजाज यांनी जाहीर निषेध केला, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. पण त्याच व्यवस्थेने बाहेरची स्पर्धाही अडवून धरली होती. संस्थापकाचे कर्तृत्व यातून कमी होत नाही. ते एकट्याचे राहात नाही, इतकेच.

कायदा तर याहून पुढे गेलेला आहे. १९५४ साली बाचा गझदर यांच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चहाच्या कंपनीचा भागधारक चहामळ्याचा मालक नसतो. कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती, मळा तिचा; भागधारकाला फक्त लाभांशाचा आणि कंपनी मोडल्यास उरलेल्यात वाट्याचा अधिकार. म्हणजे लिमिटेड कंपनीच्या संस्थापकाने ‘माझा कारखाना’ म्हणणे हे नेमकेपणाने पाहिले तर कायद्यातही बसत नाही. ज्या क्षणी त्याने आपली खासगी मिळकत कंपनीच्या कर्जापासून सुरक्षित राहावी म्हणून कंपनी नोंदवली, त्याच क्षणी त्याने ‘हे माझे नाही’ असे लिहून दिले. फायद्यासाठी एकदा लिहून दिलेले हे वाक्य जबाबदारीच्या वेळी विसरता येत नाही.

२०१३ च्या जूनअखेर चाकणच्या बजाज ऑटोमध्ये विश्व कल्याण कामगार संघटनेने संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत. बाजारात तेव्हा तो शेअर दीड हजार रुपयांच्या वर होता. व्यवस्थापनाने ती मागणी मान्य केली नाही, आणि पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यात, ती पदरात न पडताच संप मागे घेतला गेला. व्यवहार म्हणून मागणी अवाच्या सवा होती असे म्हणता येईल, आणि अनेकांनी तसे म्हटले. माझे लक्ष तिच्या स्वरूपाकडे जाते. कामगार सहसा पगार, इन्सेंटिव्ह, कॅन्टीन, बस मागतात. इथे त्यांनी वर्षअखेर ताळेबंद पोस्टाने घरी येईल असे स्थान मागितले. जमनालालांच्या घराण्याच्या कंपनीत, विश्वस्त हा शब्द न उच्चारता, विश्वस्तपणाचा प्रश्न कामगारांनी विचारला होता. त्याला दिले जाणारे एक उत्तर विचार करण्याजोगे आहे: प्रवर्तक आपले दान करू शकतात, पण इतर हजारो भागधारकांचे दान त्यांनी कसे करावे? इथे तुकोबांच्या कर्जखतांचा बारकावा उपयोगी पडतो. परंपरा सांगते, की त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याला निम्मी वाटून दिली, आपली निम्मी तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करण्याचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना पक्के माहीत होते. आणि तेवढ्या कारणाने स्वतःच्या वाट्याचा त्याग त्यांनी थांबवला नाही. बजाज ऑटोत त्या वेळी प्रवर्तकांकडे निम्म्याच्या आसपास शेअर होते. ते सगळे वाटावेत असे मी म्हणत नाही. इतरांच्या वाट्याचे कारण आपल्या वाट्याला लागू पडत नाही, एवढेच त्या गोष्टीतून निघते. आणि हेही म्हटले पाहिजे, की मागणी करणारी संघटना कायम कामगारांची होती. त्याच पट्ट्यात वेगळ्या रंगाचे ओळखपत्र गळ्यात घालून तेच काम करणारा कंत्राटी मुलगा कुटुंबात धरला जात नाही, हिश्श्यातही नाही.

सर्वांत कठोर आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ सालच्या पुस्तकात त्यांनी विश्वस्तपणाची कल्पना हास्यास्पद ठरवली. मालमत्ता ज्यांच्या हाती आहे ते ती गरिबांसाठी सांभाळतील यावर इतिहासातल्या कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा, असा त्यांचा रोख होता. त्याआधी, १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा संप हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे या भूमिकेवरून त्यांनी त्याला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात त्यांचा पक्ष उतरला. ज्या समाजाला शतकानुशतके ‘तुमचे आम्ही बघतो’ असे सांगून काहीच बघितले गेले नाही, त्या समाजाच्या अनुभवातून आलेला हा नकार आहे. तो मनाच्या औदार्याचे चार दाखले देऊन खोडता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवताना शिवाशिव मानायची नाही असे ठरवले, जमनालालांनी १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. या मोठ्याच गोष्टी आहेत. पण एका वाडीचा नियम शेजारच्या वाडीला बांधत नाही. आंबेडकरांचा आक्षेप मला सद्भावनेच्या विश्वस्तपणाविरुद्ध पूर्णपणे मान्य आहे. हिशेब मागता येणाऱ्या विश्वस्तपणाविरुद्ध तो तितका लागू पडतो असे वाटत नाही, कारण तिथे भरवसा माणसावर नसून अधिकारावर आहे, आणि अधिकार हाच तर त्यांचा आग्रह होता.

असे कधी घडले आहे का? जर्मनीत येना इथे भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कार्ल झाइस यांचा भागीदार एर्न्स्ट आबे याने झाइस गेल्यानंतर १८८९ साली एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि १८९१ साली आपली मालकी त्याच्या नावे करून टाकली. १८९६ साली त्याने त्याची घटना लिहिली. तिच्यात पगारी रजा होती, पेन्शन होते, आणि वरिष्ठातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा पगार कामगारांच्या सरासरी उत्पन्नाच्या दहापटीच्या वर जाणार नाही असे बंधन होते. त्याहून महत्त्वाचे, हे हक्क कामगाराला न्यायालयात मागता येतील असे तिचे स्वरूप होते. आबे स्वतः गिरणीत चौदा-सोळा तास उभ्याने राबणाऱ्या कामगाराचा मुलगा. मालकाच्या दयेवर जगण्याचा अर्थ त्याला कळला होता, म्हणून आपल्या दयेवर कोणी जगू नये याची तजवीज त्याने केली. हे करताना त्याने कंपनी बुडवली नाही. झाइसचे नाव सव्वाशे वर्षांनंतरही भिंगांच्या धंद्यात आघाडीवर आहे. आपल्याकडे टाटा सन्सचे सुमारे दोन-तृतीयांश भांडवल न्यासांकडे आहे, हे त्याच दिशेचे पाऊल. मात्र तिथे लाभ समाजाला मिळतो, टाटा मोटर्सच्या कामगाराला कामगार म्हणून हिशेब मागण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. १९७६ साली घटनेत ४३अ हे कलम आले, व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे. ते अजून बहुतांशी कागदावर आहे.

धार्मिक माणसाचा आक्षेप वेगळाच असतो. गीता सांगते कर्म कर, फळावर डोळा ठेवू नकोस; मग हिश्श्याची भाषा हा अधर्मच नाही का? हा उपदेश कामगारांच्या मेळाव्यात फार सहजपणे केला जातो. पण फळाची आसक्ती सोडायला तो ज्याला सांगायचा त्याच्या हातात आधी फळ असले पाहिजे. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त फलाशा सोडणे म्हणजे फळ टाकून देणे नव्हे, हे बजावून सांगितले आहे. आणि तिसऱ्या अध्यायात गीता यज्ञचक्राविषयी बोलते तेव्हा, जे ज्यांच्याकडून मिळाले ते त्यांना परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला ती चोर म्हणते. हे वचन ज्याच्याकडे भोगायला आहे त्याला उद्देशून आहे. निष्काम कर्माचा पहिला पाठ संस्थापकाचा, आणि तो अवघड आहे, कारण त्याला स्वतःच्या खऱ्या कर्तृत्वावरचे ममत्व सोडायचे आहे. खोट्यावरचे सोडणे सोपे असते. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या प्रत्येक शेडमध्ये मशिनी कॉटन वेस्टने पुसून लख्ख करतात, लेथच्या चकला हळदकुंकू लागते, प्रेसला झेंडूची माळ चढते, कंट्रोल पॅनेलवर स्वस्तिक निघते. नारळ फुटतो आणि शेठपासून हेल्परपर्यंत सगळे त्या यंत्राला हात जोडतात. त्या वेळी यंत्र कोणाचेच नसते. ज्याला नमस्कार करायचा त्यावर मालकी सांगता येत नाही, हे त्या विधीचे सांगणे आहे, आणि दुसऱ्या पाळीला मशीन सुरू झाले की ते रद्द होते असे मानायला धर्मात तरी आधार नाही.

मग धंद्याच्या रेट्याचे काय? सप्टेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीतले गाड्यांचे उत्पादन थांबवले. महाराष्ट्रातला खर्च, चाकणचा नवा कारखाना, उत्तराखंडातल्या करसवलतींमुळे परवडणारे पंतनगर, ही कारणे काल्पनिक नव्हती. एका पिढीला घर, सायकलच्या जागी स्कूटर आणि मुलांचे इंजिनिअरिंग देणारी लाइन थांबली आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग देण्यात आला. (२०२२ साली तिथेच विजेवरच्या चेतकचे उत्पादन सुरू झाले, पण ती नवी पिढी, नवे काम.) विश्वस्त असता तर त्याने वेगळे काय केले असते? कदाचित निर्णय तोच घेतला असता. विश्वस्तालाही तोट्यातली मिळकत सांभाळत बसता येत नाही. पण त्याला आकडे आधी दाखवावे लागले असते, पर्याय ऐकून घ्यावे लागले असते, आणि दुसऱ्या ठिकाणच्या सवलतींतून वाचणाऱ्या पैशात इथून जाणाऱ्यांचा वाटा किती, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले असते. त्या लाइनवर हयात घालवलेल्या माणसाला बातमी कळण्याऐवजी त्याचे मत विचारले गेले असते. परिणाम तोच निघाला तरी या दोन गोष्टींना सारखे मानता येणार नाही.

राहिला एक आक्षेप, तो जिव्हाळ्याचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. सगळे हक्काने मोजायला लागलो तर शेठ आणि कामगार यांच्यातला ओलावा जाईल. मग तो लग्नाला येणार नाही, हा रात्री दोनला ब्रेकडाउन काढायला धावणार नाही. असे होते खरे काही ठिकाणी. पण नीट पाहिले तर जिथे हक्क नसतात तिथल्या ओलाव्यात भीती किती आणि प्रेम किती हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. शेठलाही नाही. समोरचा हात जोडतो तो आदराने की पुढच्या उचलीसाठी, हे त्याला कधीच कळत नाही, आणि चांगल्या मनाच्या संस्थापकाचे हे एक मोठे एकाकीपण आहे. ज्याची नोकरी मर्जीवर नाही, ज्याला ताळेबंद वाचता येतो आणि विचारता येतो, तो माणूस रात्री दोनला आला तर तो कशासाठी आला याबद्दल शंका उरत नाही. तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये यासाठी फार काही लागत नाही. दिवाळीपूर्वी वर्षाचा जमाखर्च मराठीत लिहून फळ्यावर लावावा: माल किती गेला, बँकेला व्याज किती, शेठने घरी किती नेले, बोनस किती आणि का. पहिल्या वर्षी कोणी प्रश्न विचारणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणीतरी व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवील, आणि त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, उत्तर द्यावे लागेल.